पीटीचा तास, चित्रकलेचा तास: त्यात शिकवायचं काय असतं?

पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात काही तास असे असतात, की गणिताचा धडा लांबला तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. पीटी, चित्रकला, संगीत, कार्यानुभव. मुलं थोडी कुरकुरतात, घरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि डिसेंबरात स्नेहसंमेलन झोकात झालं की सगळ्यांची समजूत होते, शाळेत कला-क्रीडा जोरात चालू आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईतल्या नेरुळ-खारघरच्या शाळांची माहितीपत्रकं चाळा. स्केटिंग, तायक्वांदो, कीबोर्ड अशी लांबलचक यादी सापडेल. यादी खोटी असते असं नाही. पण आपल्या मुलाला आठवड्यात किती वेळ धावायला मिळालं, आणि त्याच्या हाताने स्वतःच्या मनातली रेघ कितीदा ओढली, हे त्या यादीवरून कळत नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथेच पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. शाळेत काय काय असलंच पाहिजे याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे: वर्गखोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, आणि त्याच यादीत मैदान व खेळाचं साहित्य. कायद्याच्या लेखी मैदान आणि पाण्याचा नळ एकाच रांगेत बसतात. मग ठाण्यात नौपाडा, चरई किंवा कळव्यासारख्या दाट वस्तीतल्या शाळेने मैदान आणायचं कुठून? केंद्राच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यावर वाट काढली. आवारात जागा नसेल, तर जवळच्या मैदानात किंवा पालिकेच्या उद्यानात मुलांच्या खेळाची सोय करावी, असं त्यांत म्हटलं आहे. नवी मुंबईत त्या मानाने बरं, सिडकोने सेक्टर आखतानाच शाळांसाठी आणि मैदानांसाठी भूखंड धरले होते. अर्थात भूखंड नकाशावर असणं वेगळं आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला तो चौथी ‘ब’ला मोकळा मिळणं वेगळं.

आता शिक्षकांचं. ‘आमच्या शाळेत पीटीचे सरच नाहीत’ ही तक्रार पालकसभेत हमखास होते. कायदा काय सांगतो? सहावी ते आठवीत पट शंभरच्या वर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, नेमावेत. पहिली ते पाचवीला अशी तरतूदच नाही. तिथे सगळं वर्गशिक्षकाच्या गळ्यात. ज्या बाई सकाळी हातच्याची वजाबाकी शिकवतात, त्यांनीच दुपारी लंगडी घ्यायची, चित्र काढून घ्यायचं आणि समूहगीतही बसवायचं. डीएडला त्यांनी हे विषय थोडेफार केलेले असतात. नोकरी लागल्यावर मात्र प्रशिक्षणांचा भर वाचन, लेखन आणि गणितावर राहतो. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक याच तीन विषयांसाठी आहे. ज्या वर्गाला ते लागू आहे तिथे ते मुलाच्या दप्तरातून कितीदा बाहेर येतं, हे घरी एकदा विचारून पाहावं.

बड्या खासगी शाळांत दुखणं उलटं असतं. तिथे प्रशिक्षक असतात, पण बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीकडून आलेले. फुटबॉल त्यांना उत्तम येतो, सहा वर्षांचं मूल हा प्राणी नवा असतो. वर्ष संपलं की माणूस बदलतो आणि पुढच्या जूनला मुलांची नावं शिकण्यापासून सुरुवात. मला विचाराल, तर लहान वर्गांना वर्गशिक्षिकेनेच हे तास घेणं जास्त चांगलं. कोणतं पोर घाबरट आहे, कुणाला दम्याचा त्रास आहे, कोण हरल्यावर रडतं हे त्यांना ठाऊक असतं. फक्त त्या तासात करायचं काय, हे त्यांना कुणीतरी नीट दाखवायला हवं.

काय करायचं? शारीरिक शिक्षण, खेळ आणि स्पर्धा या तीन गोष्टी आहेत आणि आपण तिन्हींना ‘पीटी’ म्हणतो. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांचे नेहमीचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. म्हणजे दुसरी-तिसरीच्या मुलाचा स्पर्धेशी खरं तर संबंधच नाही. त्याच्या वयाचं काम त्याआधीचं आहे: मूलभूत हालचाली पक्क्या करणं. यांचे ढोबळ तीन गट पडतात. धावणं, उडी मारणं, लंगडणं, बाजूला सरकत जाणं, म्हणजे जागा बदलणाऱ्या हालचाली. एका पायावर उभं राहणं, वाकणं, वळणं, गिरकी घेऊन न पडणं, म्हणजे तोलाच्या. आणि फेकणं, झेलणं, लाथाडणं, टप्पा मारणं, म्हणजे वस्तू हाताळण्याच्या.

वय वाढलं की हे आपोआप येतं, असा समज आहे. धावणं येतं, नीट फेकणं येत नाही. पाच वर्षांचं मूल उजव्या हाताने चेंडू फेकताना निरखून पाहा. ते बहुधा पाय हलवतच नाही किंवा उजवाच पाय पुढे टाकतं आणि चेंडू कोपरातून ढकलून देतं. पुढची पायरी अशी: डावा पाय पुढे, मग कंबर वळते, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. झेलण्याचंही तसंच. लहान मूल चेंडू येताना तोंड फिरवतं, डोळे मिटतं आणि चेंडू छातीशी कवटाळतं. काही काळाने ते फक्त तळव्यांनी झेलू लागतं. या दोन अवस्थांच्या मध्ये कुणीतरी ‘डावा पाय पुढे’ एवढं सांगावं लागतं, हलका आणि मोठा चेंडू द्यावा लागतो, आणि पुष्कळ वेळा फेकू-झेलू द्यावं लागतं. टेनिसचा चेंडू थेट हातात दिला तर चार वेळा नाकावर बसतो आणि मूल कायमचं तोंड फिरवायला शिकतं. पुढे आठवीत ‘मला खेळ जमतच नाहीत’ म्हणणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना फेकणं-झेलणं कुणी शिकवलेलंच नसतं.

आपल्या जुन्या खेळांत हे सगळं ठासून भरलेलं आहे. लंगडीत एका पायाचा तोल, उडी आणि दिशा बदलणं तिन्ही एकदम होतं. लगोरीत नेम आहे, खो-खोत बसल्या जागेवरून उठून वळणं आहे, ‘डोंगर का पाणी’त ऐकून क्षणात हालचाल करणं आहे. पण या खेळांत एक खोट आहे आणि ती शिक्षकांनी ओळखायला हवी. यातल्या बहुतेकांत मूल ‘आऊट’ होतं आणि कडेला बसतं. आऊट आधी कोण होतं? ज्याला पळता येत नाही ते. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात जास्त वेळ पायरीवर बसून राहतं. उपाय सोपा आहे. आऊट झालेल्याने कडेला जाऊन दहा लंगड्या घालाव्या आणि परत खेळात यावं. खेळाची चुरस थोडी पातळ होते, तेवढी होऊ द्यावी.

दुसरी खोट रांगेची. हिशेबच करू. चाळीस मुलं, एक चेंडू, एक रांग. प्रत्येकाने चेंडू पायाने खेळवत खुणेपर्यंत जाऊन परत यायचं, त्याला पंधरा सेकंद. सगळ्यांची एक पाळी व्हायला दहा मिनिटं. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या, म्हणजे 45 सेकंद. उरलेली 29 मिनिटं रांगेत उभं राहून पुढच्याची वेणी ओढण्यात. त्याच मुलांच्या पाचापाचाच्या आठ रांगा केल्या आणि आठ चेंडू दिले, तर त्याच अर्ध्या तासात 24 पाळ्या मिळतात, म्हणजे सहा मिनिटं. मैदान तेच, बाई त्याच, मुलं तीच. चेंडू नसतील तर जुन्या वर्तमानपत्राचे गोळे करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली तरी फेकण्या-झेलण्याच्या सरावाला चालतात. शाळेत साहित्य किती आहे यापेक्षा एका वस्तूमागे किती मुलं उभी आहेत, हे मी आधी मोजेन.

ही मिनिटं का मोजायची? जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी, की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तरी त्यात हाडं-स्नायू बळकट करणारं काही असावं. उडी, चढणं, लोंबकळणं यात येतं. आठवड्यात पस्तीस मिनिटांचे दोन तास धरले तरी ते सत्तर मिनिटं होतात, आणि त्यातली पंधरा-वीस ओळीत उभं राहण्यात आणि जिने उतरण्यात जातात. शाळा एकटी हे 60 मिनिटांचं गणित सोडवू शकत नाही, हे उघड आहे. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याच सुमाराला पाऊस. सप्टेंबरअखेरपर्यंत मैदानात चिखल. बहुतेक शाळांत पीटीचा अभ्यासक्रम मैदान गृहीत धरून आखलेला असतो, त्यामुळे पहिले तीन महिने तो तास म्हणजे ‘शांत बसा आणि वाचा’. तोलाच्या आणि तालाच्या हालचाली पावसाळ्यात ठेवल्या तर हा प्रश्न सुटतो. बाकं भिंतीला लावली की वर्गात झिम्मा, फुगडी, जागेवरच्या उड्या, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, टाळ्यांचे ताल सगळं होतं. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांत जेवढा दम लागतो तेवढा कवायतीत लागत नाही. मुलग्यांनाही घालू द्या फुगडी, तोल सगळ्यांनाच लागतो. धावणं-फेकणं ऑक्टोबरपासून.

शिक्षेचाही विषय इथेच काढतो. गृहपाठ आणला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, हे अजून चालतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे हे बेकायदा तर आहेच. वर त्याच आठवड्यात त्याच मुलाने धावण्याची आवड धरावी अशी अपेक्षाही आपण करतो.

मैदानावर नुसतं उजेडात असण्याचाही एक फायदा आहे, जो उंच इमारतींत राहणाऱ्या ठाणेकरांनी जरूर वाचावा. चीनच्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमधल्या पहिलीच्या सुमारे 1,900 मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज शाळा सुटण्याआधी 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला, निम्म्यांत नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटात 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, म्हणजे दूरचं अंधुक दिसण्याचा चष्मा. दुसऱ्या गटात 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. कारण असं मानलं जातं, की बाहेरचा प्रखर उजेड डोळ्याच्या पडद्यात डोपामीन हे रसायन स्रवायला लावतो आणि त्यामुळे डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांब वाढत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा कित्येक पट असतो. लागलेला चष्मा याने जात नाही. लागण्याची शक्यता कमी होते, एवढंच.

‘हे सगळं ठीक, पण अभ्यासाचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर इथे 1970 च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं गेलं. त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे 13 टक्क्यांनी कापला. मुलांचे गुण घसरले नाहीत. पुढेही वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांचा सूर साधारण हाच राहिला आहे. खेळल्याने मूल गणितात हुशार होतंच, असा दावा मी करणार नाही. पण खेळाचा तास गणिताला दिल्याने गणित सुधारतं, या समजुतीला फारसा आधार नाही.

आता मोजमापाबद्दल थोडं. 29 ऑगस्ट 2019 ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, फिट इंडिया मोहीम सुरू झाली, आणि शाळांमधून खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्या होऊ लागल्या. पहिली ते तिसरीसाठी यात उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, एका पायावर तोल आणि हाताच्या चपळाईची चाचणी असते. त्यापुढच्या वर्गांना 50 मीटर धावणं, 600 मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाच्या आणि हातांच्या ताकदीच्या चाचण्या. तोलाच्या चाचणीचं नाव गमतीचं आहे: फ्लेमिंगो. एका पायावर 60 सेकंद उभं राहायचं आणि कितीदा तोल गेला ते मोजायचं. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात, तिथल्या मुलांनी यात नापास होऊ नये. लंगडी खेळणारी होतही नाहीत.

बीएमआयबद्दल मात्र सावध राहावं. मोठ्यांचा 18.5 (त्याखाली वजन कमी) किंवा 25 (त्यावर वजन जास्त) हा आकडा मुलांना लावायचा नसतो. सात वर्षांच्या मुलीचा बीएमआय तिच्याच वयाच्या मुलींच्या तक्त्याशी ताडायचा असतो. आणि कुठलाही आकडा वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचा नसतो. एकदा ‘जाडी’ हे नाव पडलं की ते मूल मैदानावर यायला बहाणे शोधतं, आणि मग मोजलं कशासाठी?

चित्रकलेकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तिसरीच्या मुलाला ‘देखावा काढ’ म्हणा. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, त्यातून वाहणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी वाकडं नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चार आकड्यासारखे पक्षी. घणसोलीत चौदाव्या मजल्यावर राहणारं, खिडकीतून पारसिकचा डोंगर रोज बघणारं पोरही हाच देखावा काढतं. हे त्याने पाहिलेलं नाही; फळ्यावरून उतरवलेलं आहे. एकदा उतरवून शाबासकी मिळाली की हात तिथेच थांबतो.

मुलांच्या चित्रांची वाढ एका क्रमाने होते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने 1947 मध्ये तिच्या पायऱ्या मांडल्या आणि अजूनही त्या ढोबळमानाने वापरल्या जातात. दोन ते चार वयात गिरगोट्या. चार ते सात या वयात माणूस येतो, पण डोक्यालाच थेट हातपाय फुटलेला, बेडकाच्या पिलासारखा. सात ते नऊच्या सुमाराला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आकाशाची निळी पट्टी, मधे मोकळं. जे महत्त्वाचं ते मोठं. आजी घरापेक्षा उंच, आणि घराच्या भिंतीतून आतला टीव्हीसुद्धा दिसतो. नऊनंतर मूल स्वतःच म्हणू लागतं, ‘खऱ्यासारखं येत नाही.’ याच वळणावर बहुतेक जण चित्र सोडून देतात.

हा क्रम माहीत असला की शिक्षकाच्या दोन चुका टळतात. दुसरीतल्या मुलाला ‘अरे, आजी घरापेक्षा मोठी असते का?’ म्हणून चित्र दुरुस्त करायचं नसतं. त्या वयाची ती बरोबर चाल आहे. आणि चौथी-पाचवीत ‘छान छान’ म्हणून सोडून द्यायचंही नसतं, कारण तिथे मुलाला खरंच शिकायचं असतं: जवळचं मोठं आणि लांबचं लहान का दिसतं, सावली कुठल्या बाजूला पडते, हिरव्यात पिवळा घातला की काय होतं. बाकाच्या एका पायाकडे दहा मिनिटं बघून तो काढायला लावणं हा फार चांगला धडा आहे आणि त्याला खर्च शून्य. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी तासभर बसवलं तर मग काय, पण परवानगीपत्रं गोळा करण्यातच जून जातो.

वारलीचं वेगळं सांगायला हवं. शाळांच्या भिंतींवर, मडक्यांवर, भेटकार्डांवर वारली आकृत्या दिसतात, आणि कार्यानुभवात ‘त्रिकोणाला त्रिकोण उलटा जोडा, झाला माणूस’ एवढ्यावर धडा संपतो. ही ज्या वारली आदिवासींची कला, ते इथलेच. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, आणि येऊरच्या डोंगरात आदिवासी पाडे आजही आहेत. गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढतात. लग्नाच्या वेळचा चौक हे त्यातलं मुख्य चित्र, आणि तो सवाशिणी काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागद-कापडावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं असतं. ते मुलांनी आधी वर्गात हात धरून स्वतः करून पाहावं आणि मग काढावं. त्या एका तासात नाच, ताल, भूगोल आणि चित्र चारही होतात. कलेची इतर विषयांशी सांगड घालण्याबद्दल 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बरंच लिहिलं आहे. त्याचा अर्थ इतका साधा निघतो.

संगीताबद्दल एकच. परिपाठात रोज गाणं होतं, म्हणजे तास नसला तरी रियाज आहे. पण सर आपल्या खालच्या पट्टीत सुरू करतात, मुलांचा आवाज तिथे पोचत नाही, आणि मग गाण्याऐवजी ओरडा ऐकू येतो. मुलांची पट्टी उंच असते. एखाद्या मुलीला सुरुवात करू द्यावी, बाकीचे जुळतात.

नाट्याकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष आहे, आणि गडकरी रंगायतनच्या ठाण्यात तरी ते व्हायला नको. ‘संगीताने गणित सुधारतं’ असली वाक्यं शाळांच्या जाहिरातींत असतात. एलन विनर आणि लोइस हेटलँड या अमेरिकी अभ्यासकांनी 2000 साली अशा दाव्यांवरचे कित्येक अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक दावे टिकले नाहीत. जे टिकले त्यांतला भक्कम दावा वर्गातल्या नाट्यीकरणाचा होता: गोष्ट नुसती वाचण्याऐवजी मुलांनी ती करून पाहिली की भाषेची समज वाढते. यासाठी पडदा, पोशाख, मेकअप लागत नाही. मराठीच्या तासाला धड्यातला संवाद दोघादोघांनी उभं राहून म्हटला तरी पुरे. स्नेहसंमेलनातल्या रेकॉर्डवर ओठ हलवण्याला हे लागू नाही, हे सांगायला नकोच. तिथे दोन महिने तालीम होते आणि मागच्या ओळीतलं झाड झालेलं मूल दोन महिने झाडच राहतं.

मग प्रगती पुस्तकात या विषयांपुढे ‘अ-1’ कुठून येतो? महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. भाषा, गणितासारख्या विषयांत आकारिक आणि संकलित, म्हणजे वर्षभराचं काम आणि सत्राची परीक्षा, असे दोन भाग. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन मात्र पूर्ण आकारिक. परीक्षा नाही, दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम यांवरून श्रेणी. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी, की चाळीस मुलांचं निरीक्षण रोज लिहायला वेळ कुणाला? म्हणून सगळ्यांना अ-1 किंवा अ-2 आणि नोंदीत ‘खेळात सहभाग घेतो’, ‘चित्रे सुंदर काढते’ अशी छापील वाक्यं. त्या श्रेणीकडे बघून हुरळूही नये आणि खचूही नये. ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत बाईंनी आपल्या मुलाबद्दल वेगळं काही लिहिलं असेल, तर ते जपून वाचावं. त्यात खरं निरीक्षण असतं. एका आठवड्यात पाचच मुलांकडे मुद्दाम बघायचं असं ठरवलं, तर दोन महिन्यांत चाळीस होतात, आणि नोंदी आपोआप वेगळ्या येतात.

पालक म्हणून हात कुठे घालता येतो? पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं कायदा सांगतो. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम, आणि चेंडू, दोऱ्या, चटया, रंग यांची मागणी त्या आराखड्यात बसते. अनुदानित शाळांत तिचं काम फक्त सल्ला देण्याचं. विनाअनुदानित खासगी शाळांत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघ. सभेत ‘खेळाकडे लक्ष द्या’ म्हणून उपयोग नाही. गेल्या महिन्यात चौथीचे पीटीचे किती तास ठरले होते आणि किती झाले, हे विचारावं. पावसाळ्यात त्या तासाला काय होतं, एका चेंडूमागे किती मुलं असतात, चित्रकलेची वही मार्चमध्ये भरलेली असते की ऑगस्टनंतर कोरी, हेही. आणि जवळच्या पालिका मैदानाची सोय हवी असेल तर अर्ज शाळेच्या नावाने, वार, वेळ, इयत्ता आणि मुलांची संख्या घालून करावा. ‘मुलांना खेळायला मैदान उपलब्ध करून द्यावे, ही विनंती’ एवढ्याच मजकुराच्या कागदावर कुणालाच काही मंजूर करता येत नाही.